पिंग्या

हल्ली प्रत्येक सोसायटीत एक पिंग्या असतो. पूर्वी प्रत्येक वाड्यात एक मुलगा असायचा, जो कौलांवर चढून अँटेना फिरवायचा आणि वरून ओरडायचा, "आलं का?" खालून अख्खं बिऱ्हाड ओरडायचं, "आलं, आलं... गेलं! थोडं डावीकडे!" पिंग्या त्याच घराण्यातला. फक्त हा ओरडत नाही. लॅपटॉपवरच्या काळ्या खिडकीत चार अक्षरं टाइप करतो, पांढऱ्या ओळी एकेक करून उमटायला लागतात, त्यांच्याकडे बघत हनुवटी खाजवतो आणि म्हणतो, "पिंग तर होतंय की ओ."

म्हणून पिंग्या. खरं नाव आधार कार्डावर असेलच. आपल्या यंत्राने दूरच्या यंत्राला "आहेस का?" विचारायचं आणि त्याने "आहे" म्हणायचं, एवढाच त्या पिंगचा जीव. माइक मूस नावाच्या अमेरिकन माणसाने 1983 च्या डिसेंबरात तो प्रोग्रॅम लिहिला आणि पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्याला हे नाव दिलं, ही माहिती पिंग्यानेच मला लिफ्टमध्ये दिली. त्याचा मजला तिसरा, माझा पाचवा. वाक्य पुरं व्हायचं होतं म्हणून तो पाचव्यापर्यंत आला.

पिंग्या मूळचा बार्शीचा. कोथरूडात आमच्या बिल्डिंगमध्ये आत्याकडे राहतो. आत्याच्या यजमानांना तो मामा म्हणतो, आम्हा बाकीच्या सगळ्या पुरुषांना काका, आणि राउटरला नुसतं 'हे'. "हे तापलंय काका. ह्याला जरा वारा पाहिजे." बीएस्सी कॉम्प्युटर सायन्सला पुण्यात आला तो 2021 साली, लॉकडाउननंतर कॉलेजं उघडायच्या बेतात होती तेव्हा. बॅगा रिकाम्या करतोय तोवर 4 ऑक्टोबरची ती रात्र आली.

आठवत असेल. रात्री सव्वानऊच्या सुमाराला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप तिन्ही एकदम बंद पडली. जगभर बंद पडली, पण जगभर बंद आहेत हे कळायला आम्हाला व्हॉट्सअ‍ॅपच लागतं. त्यामुळे बिल्डिंगमध्ये प्रत्येकाला वाटलं, आपल्याच घरचं गेलं. लोकांनी राउटर बंद करून चालू केले. फोन बंद करून चालू केले. पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी काही राहायला नको म्हणून घराचा मेन स्विचही बंद करून चालू केला. मग कुणाला तरी आठवलं, की आत्यांकडे कॉम्प्युटर शिकणारा भाचा आलाय. दार उघडलं तेव्हा पिंग्या जेवत होता. उष्ट्या हाताने उभा राहून त्याने जिन्यातल्या गर्दीला सांगितलं, "काका, तुमचं नेट चालू हाय. व्हॉट्सअ‍ॅपच बंद हाय." कुणाचाही विश्वास बसला नाही. एवढी मोठी कंपनी बंद पडते, आणि ते बार्शीच्या पोराला कळतं?

पुढे कंपनीने खुलासा केला. देखभालीच्या वेळी दिलेल्या एका आदेशाने त्यांची डेटा सेंटरं एकमेकांना जोडणारं जाळंच तुटलं, आणि मग त्यांच्या डीएनएस सर्व्हरांनी बीजीपीवरून स्वतःकडे येणारे रस्ते मागे घेतले. पिंग्याने हे पार्किंगमध्ये उभं राहून असं समजावलं: "दुकान हाय, माल हाय, शेट गल्ल्यावर बसलाय. पण गावातल्या सगळ्या पाट्या काढून टाकल्या. मग गिऱ्हाईक येणार कुठनं?" सेक्रेटरींना हे पटलं. पटलं की सेक्रेटरी मान हलवत नाहीत, काम सांगतात. "जिन्यातला कॅमेरा गेले दोन महिने दिसत नाहीये. तेवढं बघून घे." त्या दिवसापासून पिंग्या सोसायटीचा झाला. बिनपगारी.

त्याची एकंदर श्रद्धा सात थरांवर आहे. नेटवर्किंगच्या पहिल्याच धड्यात ते येतात: फिजिकल, डेटा लिंक, नेटवर्क, ट्रान्सपोर्ट, सेशन, प्रेझेंटेशन, अ‍ॅप्लिकेशन. बाकीची मुलं परीक्षेपुरते पाठ करतात आणि सोडून देतात. पिंग्याने त्यावर आयुष्य बेतलंय. "तळापासनं वर जायचं काका. वरनं खाली आलं की माणूस चकतंय." सोसायटीला पाणी येईना, सेक्रेटरी टँकरवाल्याशी भाव करत होते, पिंग्याने खाली वाकून व्हॉल्व्ह उघडला आणि हात पुसत म्हणाला, "लेयर वन." दुसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना ऐकू येईनासं झालं, सून कानाच्या डॉक्टरकडे न्यायला निघाली, पिंग्याने कानातल्या यंत्राचा सेल बदलला. "लेयर वन." मावसबहिणीचं ठरत आलेलं लग्न फिसकटलं तेव्हा मात्र तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "खालचं सगळं बरोबर होतं ओ. सेशनच सुरू झालं नाही."

अशा मुलाशी बोलताना काही पथ्यं पाळावी लागतात. "वायफाय गेलं" असं म्हणायचं नाही. "वायफाय हाय काका. इंटरनेट गेलंय." आपल्याला दोन्हीचा परिणाम सारखाच, म्हणजे सिरियल अडकलेली, पण तो हा भेद स्पष्ट होईपर्यंत राउटरला हात लावत नाही. दुसरं, तो आल्याआल्या विचारतो, "काल काय बदललं?" यावर सगळं घर एकमुखाने म्हणतं, "काही नाही." ह्या उत्तरावर त्याचा काडीचाही विश्वास नसतो आणि तो बरोबर असतो. आमच्या शेजारच्या आजींना रात्री राउटरचे दिवे डोळ्यांवर येत होते. त्यांनी त्याच्यावर क्रोशाचं झाकण घातलं, झाकण शोभेना म्हणून राउटर शोकेसमध्ये ठेवला, आणि पुढे स्टीलचे डबे लावले. "बदललं काहीच नाही रे, नुसतं आवरलं."

तिसरं पथ्य पासवर्डचं. पिंग्याच्या हातात आपला पासवर्ड गेला की तो संपला. देवाचं नाव आणि एक-दोन-तीन हा आमचा वर्षानुवर्षांचा पासवर्ड बदलून त्याने मोठी-छोटी अक्षरं, टिंबं आणि डॉलरचं चिन्ह घातलेलं असं काही ठेवलं, की पाहुण्यांना वायफाय देण्यापेक्षा जेवायला घालणं सोपं पडतं.

पण खरा पिंग्या बघायचा तर क्रिम्पिंग करताना. एरवी खांदे पाडून, मोबाइलमध्ये मान घालून बसणारा हा मुलगा वायर हातात आली की ताठ होतो. आत्याच्या डायनिंग टेबलवर वर्तमानपत्र पसरतो. केबलची निळी साल बोटभर सोलतो. आतून चार जोड्या निघतात, एकमेकींना पीळ घातलेल्या. पीळ उलगडून एकेक तार अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये धरून ओढत सरळ करतो. मग ओठ पुटपुटायला लागतात: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मध्ये कुणी हाक मारली तर हात वर करून थांबवतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. (आत्या सांगतात, संध्याकाळचं शुभंकरोती म्हणायला ह्याला दहादा सांगावं लागायचं.) आठही तारा एका रांगेत, एका पातळीत कापून, खटका खाली धरून तो त्या पारदर्शक कनेक्टरमध्ये सारतो, उजेडाकडे धरतो, एक डोळा मिटून टोकाला आठ तांबडे ठिपके दिसतात का बघतो, आणि मगच हत्यार दाबतो. कट्. टेस्टरला लावल्यावर एक ते आठ दिवे क्रमाने लुकलुकले की त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान येतं, ते बारावीच्या निकालालाही आलं नव्हतं म्हणे. ती क्रिम्पिंगची पकड त्याने तपकीर गल्लीतून घासाघीस करून आणली होती आणि तो ती कुणाला उसनी देत नसे.

सेक्रेटरींच्या घरची गोष्ट ह्या पकडीमुळेच घडली. सेक्रेटरींनी 200 एमबीपीएसचा प्लॅन घेतला होता आणि मिळत होते 94. सेक्रेटरी रोज सकाळ-संध्याकाळ स्पीड मोजून वहीत तारीखवार लिहीत. कंपनीला सात-आठ पत्रं गेली होती, पैकी दोन शुद्धलेखनासाठी मी तपासलेली. पिंग्याने वही चाळली आणि हसायलाच लागला. "काका, कधी 40, कधी 150 असं असतं तर मी घाबरलो असतो. रोज 94 म्हंजे तार." शंभरच्या वेगाला आठातल्या चारच तारा पुरतात, त्याच्या वर जायचं तर आठही लागतात. उरलेल्या चारातली एखादी जरी नीट बसलेली नसली, तरी दोन्हीकडची यंत्रं आपसात समजूत करून शंभरावर उतरतात, आणि कुणाला काही सांगत नाहीत. त्याने भिंतीपाशी गुडघे टेकून कनेक्टर उजेडात धरला. तपकिरी तार केसभर आखूड होती. नवीन कनेक्टर, कट्, आणि स्क्रीनवर 190 च्या पुढचा आकडा. सेक्रेटरींनी त्याला अर्धा कप चहा आणि शंकरपाळे दिले, आणि मागच्या सगळ्या महिन्यांचा परतावा मागणारं नवं पत्र लिहायला घेतलं.

गणपतीतही तेच. मांडवातली आरती लाइव्ह दाखवायची म्हणून पिंग्याने नेटवर्कचा एक साधा स्विच लावून कॅमेरा, लॅपटॉप वगैरे जोडून दिलं. आरतीला पाच मिनिटं असताना सगळं ठप्प. स्विचचे सगळे दिवे वेड्यासारखे फडफडत होते. एका कार्यकर्त्याला एका वायरीचं टोक मोकळं लोंबताना दिसलं, समोर स्विचमध्ये एक भोक रिकामं दिसलं, आणि त्याने कर्तव्यबुद्धीने दोघांची गाठ घालून दिली. त्याच वायरीचं दुसरं टोक आधीच त्याच स्विचमध्ये होतं. एकच निरोप गोल गोल फिरत, वाढत राहिला आणि बाकी कुणाला बोलायला जागा उरली नाही. पिंग्याने वायर उपसली, आरती झाली, आणि प्रसाद वाटताना त्याने आत्याला सांगितलं, की असं होऊ नये म्हणून राडिया पर्लमन नावाच्या बाईंनी 1985 साली स्पॅनिंग ट्री नावाची एक रीत शोधून काढली आणि त्या रीतीवर कविताही केली. आत्या भजनी मंडळात असतात. त्यांनी एवढंच विचारलं, "चाल लावली का?"

आता एवढं सगळं करणाऱ्या मुलाला नोकरी मिळायला काय हरकत आहे? हेच तर दुखणं.

नोकरीच्या बाबतीत पिंग्याची पहिली अडचण अशी, की तो काय शिकतोय हे नातेवाइकांत कुणालाच कळलेलं नव्हतं. बार्शीचे आजोबा म्हणत, "वायरमनच व्हायचं तर पुण्याला कशाला? इथं एमएसईबीत चिकटव म्हणलो असतो." एका लग्नात दूरच्या एका काकांनी "काय करतोस?" विचारलं, हा "नेटवर्किंग" म्हणाला, आणि आता साखळीतले साबण आणि प्रोटीनचे डबे गळ्यात पडणार असं वाटून ते काका पंगतीतली जागा बदलून बसले. त्याच पंगतीत पिंग्याने वाढप्यांना सुचवलं होतं, की 64 पानं मांडा पण माणसं 62 च बसवा, पहिलं पान नेटवर्कचं आणि शेवटचं ब्रॉडकास्टचं. त्या दिवसांत तो सबनेटिंग, म्हणजे नेटवर्कमधल्या पत्त्यांची वाटणी, शिकत होता. वाढप्यांनी मामांना बोलावून घेतलं.

दुसऱ्या वर्षात त्याने क्लास लावला. जाहिरातीत '100 टक्के प्लेसमेंट' होतं, फी भरल्यावर ते 'प्लेसमेंट असिस्टन्स' झालं, आणि कोर्स संपल्यावर एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला, ज्यात रोज सकाळी कुणीतरी गुलाबाचं फूल पाठवत असे. शिकवणारे सर मात्र चांगले होते, असं तो सांगतो. रात्री पॅकेट ट्रेसर नावाचा प्रोग्रॅम उघडून तो स्क्रीनवर खोटे राउटर मांडायचा. खोटे, पण चालले नाहीत तर झोप खरी उडायची. सिस्कोच्या राउटरचं प्रत्येक दार मुळात बंद असतं, 'नो शटडाउन' असं लिहून सांगितल्याशिवाय उघडत नाही. एवढं एक वाक्य विसरलो म्हणून पहाटेपर्यंत बसलो नाही, असा नेटवर्किंगचा विद्यार्थी जन्माला यायचाय. आजी दर खेपेला बार्शीहून आल्या की म्हणायच्या, "पोर हाय का पिंगळा? रात्रभर डोळं टक्क उघडं."

मग सीसीएनए. ही ह्या धंद्यातली मुंज. 1998 पासून चालत आलेली सिस्कोची परीक्षा. तिची फी तेव्हा 300 डॉलर होती, वर कर. रुपयांत 25 हजारांच्या पुढे. हा आकडा फोनवर सांगताना पिंग्याचा आवाज, नेटवर्क उत्तम असूनही, तुटत होता. वडिलांनी शांतपणे पैसे पाठवले. त्यांचा प्रश्न वेगळाच होता. "हे सर्टिफिकेट तीनच वर्ष चालतं म्हणतोस? माझं दहावीचं अजून चालतंय की रं." परीक्षा दोन तासांची. केंद्रावर घड्याळ, पाकीट, मोबाइल सगळं बाहेर ठेवून घेतात, आणि एकदा पुढच्या प्रश्नावर गेलं की मागच्यावर परत येता येत नाही. पिंग्या पास झाला. आत्याने पेढे वाटले. "कसली परीक्षा?" असं ज्याने-त्याने विचारलं आणि आत्याने ज्याला-त्याला "मोठी" म्हणून सांगितलं.

यानंतर माणसाला वाटतं, आता लागेलच. पण हीच खरी सुरुवात. "अनुभव किती?" "फ्रेशर." "कळवतो." नोकरीशिवाय अनुभव नाही, अनुभवाशिवाय नोकरी नाही. स्विचमध्ये त्याच वायरीची दोन्ही टोकं घालणारा तो कार्यकर्ता कंपन्यांतही असणार.

पिंग्याचा रेझ्युमे मी पाहिला. वर एक परिच्छेद होता: नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून संस्थेच्या व स्वतःच्या उत्कर्षास हातभार लावणे. सगळ्यांचा हाच असतो. कुणी तरी, केव्हा तरी, एकदा लिहिला आणि तेव्हापासून तो आईच्या दागिन्यासारखा पुढच्या पिढीला मिळतो. खाली प्रोटोकॉलची लांब यादी. बीजीपीसुद्धा. मुलाखत घेणारे जे लिहिलंय तेवढंच विचारतात, आणि त्यातलं सगळ्यात अवघड आधी. पहिल्या मुलाखतीत बीजीपी विचारलं. ज्या मुलाने पार्किंगमध्ये उभं राहून ते बिल्डिंगला समजावलं होतं, तो तिथे व्याख्येच्या तिसऱ्या शब्दाला अडखळला. कारण घरी तो दुकान आणि पाट्या सांगतो, तिथे इंग्रजी पाठ केलेलं म्हणायला गेला.

ऑनलाइन मुलाखती तर विचारू नका. वर इस्त्रीचा शर्ट, खाली बर्म्युडा, मागे आत्याचा वारकऱ्यांच्या चित्राचा पडदा. घरच्या सगळ्यांना फोन बंद ठेवायची ताकीद. आणि नेमकी त्या वेळी कोथरूडची वीज जाते. इतरांची लाइन सुधारून देणारा पिंग्या गॅलरीच्या कठड्याला टेकून, मोबाइल आभाळाकडे धरून म्हणत असतो, "सर, ऑडिबल आहे का? सर?" खालून वॉचमन म्हणतो, "हां, सुनाई दे रहा है."

मधल्या काळात, तिसऱ्या वर्षाला असताना, तो शनिवार-रविवार एरियातल्या केबलवाल्याकडे जाऊ लागला. कौलांवर चढणाऱ्याच्या घराण्यातला म्हणालो ते ह्यामुळेच. या बिल्डिंगवरून त्या बिल्डिंगवर फायबर ओढायची, तुटलेली टोकं स्प्लाइसिंगच्या मशीनमध्ये समोरासमोर धरायची, छोट्या पडद्यावर दोन बारीक काड्या एकमेकींकडे सरकताना बघत श्वास रोखायचा. घरातल्या डब्यापाशी उजेड किती पोचतो ते मीटरवर मोजायचं. उणे वीस-बावीस दिसलं की पिंग्या शीळ घालतो, उणे सत्तावीसच्या पलीकडे गेलं की घरातलं कुणी आजारी असल्यासारखा तोंड पाडून बसतो. भर उन्हात, पावसात, लोकांच्या शिव्या खात हे केलं. आणि रेझ्युमेत? एक ओळ नाही. मी विचारलं तर म्हणतो, "ते काय काम हाय व्हय काका? ते तर केबलवाल्याचं."

"आणि सेक्रेटरींचे 94?"

"ते तर शंकरपाळ्यांचं."

ह्याच्यापुढे काय बोलणार? आणखी एक. माझ्या एका मित्राचा मुलगा खराडीला नेटवर्किंगच्याच एका कंपनीत आहे. मी नंबर दिला. म्हटलं, मेसेज कर, तो नाव पुढे करेल. अशी शिफारस करणाऱ्याला कंपन्या बक्षीसही देतात, म्हणजे उपकार-बिपकार काही नाही. पिंग्या "करतो की" म्हणाला. दोन आठवडे झाले. रोज मेसेज लिहायचा, रोज खोडायचा. 'आदरणीय सर' की 'हाय दादा' इथेच गाडी अडली होती. बरं, हाच मुलगा सोसायटीच्या लाइनसाठी कस्टमर केअरच्या माणसाशी तासतासभर न लाजता भांडतो, त्याचं नाव विचारतो, वरच्या साहेबाला जोडून घेतो. स्वतःसाठी "मी आहे" एवढं सांगायला जीभ उचलत नाही. शेवटी मी चिडून विचारलं, "तुझी अडचण नेमकी कुठल्या थरावर आहे रे?"

त्याने प्रश्न गंभीरपणे घेतला. छताकडे बघितलं, बोटं मोजली. "फिजिकलच हाय काका. केबलच लावली नाही मी अजून."

रात्री दीड वाजता त्याने 'हाय दादा' पाठवलं. दोन मिनिटांत उत्तर आलं. दादा नाइट शिफ्टला होता.

पुढची मुलाखत प्रत्यक्ष होती, आणि समोर एचआरच्या बाईंबरोबर एक पोट सुटलेले, चष्मा कपाळावर ठेवलेले इंजिनिअर होते. त्यांनी व्याख्या विचारल्याच नाहीत. म्हणाले, "एक क्लायंट आहे. 200 ची लाइन. 94 च्या वर जात नाही. प्रोव्हायडर म्हणतो आमचं सगळं ठीक. कुठून सुरुवात करशील?" पिंग्या सांगतो, त्याला हसू आवरेना. मग त्याने वही, पत्रं, तपकिरी तार, सगळं सांगितलं. अर्धं इंग्रजीत, अर्धं बार्शीच्या मराठीत. साहेबांनी विचारलं, "हे रेझ्युमेत का नाही?" शंकरपाळ्यांचं त्याने तिथेही सांगितलं म्हणे. साहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेऊन रेझ्युमे पुन्हा पहिल्यापासून वाचला.

मग महिनाभर शांतता. एचआर फोन घेईना. पिंग्या रोज म्हणे, "पिंग करतोय, रिप्लाय येत नाही." अखेर पत्र आलं. काम एका कंपनीचं, पगार देणार दुसरी, आणि गळ्यातल्या ओळखपत्राच्या दोरीवर नाव तिसरीचंच. पगाराचा आकडा ऐकून मामा "बरं" म्हणाले, आत्याने देवापुढे साखर ठेवली. बार्शीहून वडिलांचा फोन आला: "तीन वर्षांनी परत परीक्षा असंल ना? मग पैसे आत्तापासनंच साठव."

आता तो खराडीच्या एका नॉकमध्ये, म्हणजे नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या केंद्रात, बसतो. मोठ्या पडद्यांवर जगभरच्या लाइनींचे हिरवे ठिपके, त्यातला एखादा लाल झाला की तिकीट काढायचं, स्वतःला जमलं तर सोडवायचं, नाही तर मुदतीत वरच्याकडे ढकलायचं. संध्याकाळी सातला कॅब येते, सकाळी परततो, दिवसभर झोपतो. लिफ्टमध्ये भेटला तर आता माहिती देत नाही, जांभई देतो. गेल्या महिन्यात आमचं नेट गेलं म्हणून मी रात्री फोन केला. पलीकडून आवाज आला, "लाल दिवा हाय का काका?" हो म्हटलं. "मग फायबर गेली. प्रोव्हायडरकडं तिकीट टाका, आणि नंबर लिहून घ्या." मी म्हटलं, अरे मी बोलतोय. म्हणाला, "नंबर लिहून घ्या काका. माणूस विसरतंय."

सोसायटीच्या वार्षिक सभेत त्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचं ठरलं. त्याच ठरावाला जोडून सेक्रेटरींनी विचारलं, आता कॅमेऱ्यांचं कोण बघणार? पिंग्याने त्याची व्यवस्था आधीच केलेली होती. दुसऱ्या मजल्यावरची नववीतली मुलगी बरेच दिवस त्याच्या मागे टेस्टर धरून उभी असायची. क्रिम्पिंगची पकड त्याने तिला विकली. अर्ध्या किमतीला, रोख. सभेनंतर दुसऱ्याच दिवशी सेक्रेटरींच्या घरचा एक कनेक्टर खराब झाला. मुलगी आली, गुडघे टेकून बसली, आठ रंग पुटपुटली, कट् केलं, आणि उठून मोबाइलवरचा क्यूआर कोड पुढे धरला. "पन्नास रुपये, आजोबा. कनेक्टरचे वेगळे."

सेक्रेटरींनी पन्नास रुपये दिले आणि पावती मागितली.